तळ्याकाठचं घर आणि चौकटीवरची डबी

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच माननीय इंदुबाई, शेजारी बसलेले हेडमास्तर गुरुजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आरोन आणि लीया, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या सगळ्या बंधू-भगिनींनो, नमस्कार. आणि आमच्यापुरतं शालोम.

माईक जरा खाली करता का कोणी? नको, राहू दे. निखळला तर माझ्या नावावर यायचा.

मला भाषण करता येत नाही. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत, तीही पावसाळा सोडून. कागद लिहून आणलाय, पण चष्मा जुना आहे. लाइट जायच्या आत माझं बोलणं संपावं एवढीच काळजी आहे. आणि मागे चहा उकळतोय तो कडू होऊ नये, ही दुसरी. गावातले तुम्ही सगळे हसताय, कारण तुम्हाला हासाजी माहीत आहे. गुरुजी नवीन आहेत. गुरुजी, मला या गावात "कंपनीचा भोंगा" म्हणतात. नाव या आरोननेच ठेवलंय. कंपनीत काही बिघडलं की भोंगा वाजतो, आणि हासाजीकाका काही बिघडायच्या आधीच वाजतात, असं त्याचं म्हणणं.

गुरुजी आत्ता फार छान बोलले. म्हणाले, आरोन आणि लीया दोन-तीन वर्षांत परत येतील, तळ्याकाठचं घर त्यांची वाट पाहील. टाळ्याही पडल्या. मीही वाजवल्या. पण मला त्या घराच्या चौकटीवरच्या डबीची काळजी लागली आहे. मंगळवारी ही दोघं मुंबईला इस्राएलच्या विमानात बसणार. त्याआधी ती डबी राहणार की निघणार हे ठरायचं आहे. त्याच्याविषयीच मी बोलणार आहे, पण आधी घराचं सांगायला हवं.

गुरुजी, ते घर माझ्या चुलतभावाचं. आम्ही इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे तेली. शनिवार आमचा देवाच्या सुट्टीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. चुलतभाऊ तरुणपणीच इस्राएलला गेला आणि घाण्याचं घर बंद पडलं. कौलं गेली, वासे गेले, घाण्याच्या उखळात पिंपळ उगवला. आम्ही त्या बाजूने जाताना मान खाली घालून जायचो.

आणि एक दिवस हा आरोन, माझ्या मावसबहिणीचा मुलगा, रोह्याहून एस.टी.ने आला. बरोबर लीया. मी पडवीत बसलो होतो. हा म्हणाला,

"काका, नोकरी सोडली."

मी म्हटलं, "कोणी?"

"दोघांनी."

माझ्या हातातली कपबशी फुटली. खरंच फुटली, शेजारचा गुणाजी साक्षीला होता. आरोन रोह्याच्या एका कंपनीत फिटर, लीया तिथल्याच एका दवाखान्यात सिस्टर. महिन्याच्या महिन्याला पगार. मुलगी शीरा लग्न होऊन इस्राएलला सुखात. आणि ही दोघं पन्नाशीला आल्यावर म्हणतात, तळ्याकाठचं घर उभं करणार आणि घाणा चालवणार!

मी म्हटलं, "अरे, डोलवीच्या कारखान्यात लोक कंत्राटी का होईना, कामाला लागावं म्हणून गेटाशी उभे राहतात, आणि तू कायमची नोकरी सोडलीस?"

तर म्हणाला, "काका, इतकी वर्षं मशीन नीट केली. त्यातून काय बनतं ते मला अजून धड ठाऊक नाय. वास तेवढा ठाऊक हाय. आता असं कायतरी करतो की माणूस हातात घेऊन सांगेल, हे आरोनने केलं."

मी लीयाकडे वळलो. म्हटलं, "तू तरी शहाणी ना गो?"

ती म्हणाली, "काका, मला बघितलं की पोरं रडतात. सुई घेऊन उभी असते ना मी. तेल घ्यायला येताना कोण रडत नाय."

यावर काय बोलायचं? मी बोललो तरीही. मी म्हटलं, तळ्याची ओल आहे, जोतं खचेल. साप आहेत. लोक पिशवीतलं तेल घेतात. मी सांगत राहिलो आणि ती दोघं पिंपळ उपटत राहिली.

तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, तरी सांगतो. सिस्टरचे पांढरे कपडे घालणारी बाई डोक्यावर चुंबळ ठेवून कौलं वाहत होती. चुना चाळून चाळून तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आरोनला मशीन ठाऊक, भिंत ठाऊक नाही. पहिली भिंत त्याने अशी बांधली की गुणाजी म्हणाला, "आरोनभाऊ, भिंत वाकून नमस्कार करतेय कोणाला?" ती उतरवली, पुन्हा बांधली. संध्याकाळी दोघं तळ्याच्या पायरीवर पाय सोडून बसायची आणि एकमेकांच्या हाताचे फोड बघून हसायची. मी वरून ओरडायचो, पायरीला शेवाळ आहे! आरोन खालून म्हणायचा, "भोंगा झाला, चला, सुट्टी."

भांडण मी एकच ऐकलं. लीयाला मागच्या भिंतीत, तळ्याच्या बाजूला, खिडकी हवी होती. आरोन म्हणाला, तिकडूनच पाणी येतं, भिंत अखंड असू दे. ती म्हणाली, "रोह्यात जन्म गेला तो समोरच्या बिल्डिंगीचा संडास बघून. तळ्याकाठी राहून तळं बघू नको काय?" तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी आरोनने खिडकी ठेवली. तीही मोठी.

मग घाणा सुरू झाला. गुणाजीचा बैल. गुणाजी, काय म्हणाला होतास? "माझा बैल गोल फिरून फिरून नांगराला सरळ चालायचा विसरला." पण पेंड फुकट मिळायची तेव्हा बरा गप्प होतास. तिळाचा आणि खोबऱ्याचा वास पार शाळेपर्यंत यायचा. आणि आरोनने दाराच्या उजव्या चौकटीवर आमची डबी बसवली.

गुरुजी, त्या डबीला आम्ही मेझुझा म्हणतो. आत कातड्यावर देवाचं वचन लिहिलेलं असतं. येता-जाता हात लावून ओठाला लावायचा. ते घर आमच्या माणसाचं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या ठमाबाईने दिवाळीत येऊन त्या डबीला हळदकुंकू लावलं. लीयाने हळूच पुसलं. पुढच्या दिवाळीला पुन्हा. लीया म्हणाली, "मावशी, आमच्यात नाय लावत." तर ठमाबाई काय म्हणाली ठाऊक आहे? "देव कोनाचा का असंना, कुंकवावाचून बरा दिसतो काय गो?" मग लीयाने पुसणं सोडलं. डबीच्या कोपऱ्यात तो लाल डाग अजून आहे.

आणि हीच ठमाबाई शनिवारी बाटली घेऊन यायची. "तुमच्या देवाला सुट्टी, पन माझ्या केसांचं काय?" लीया दारातच उभी राहायची, म्हणायची, रविवारी या मावशी. ठमाबाई रविवारी यायची. पण सगळे येत नसत. आधी आले ते नवल म्हणून आले. पोरींना वासाचं तेल हवं, बाईला पिशवीतलं स्वस्त तेल हवं. मी कोणाला दोष देत नाही. माझ्या घरीही पिशवी यायची, आरोनला दिसू नये म्हणून मी ती फडक्यात गुंडाळून आणायचो.

मग रस्त्याचा भराव पडला आणि तळ्याचा सांडवा अर्धा बुजला. त्या पावसाळ्यात पाणी मागच्या जोत्याला लागलं आणि भिंत गेली. खिडकीच्या कोपऱ्यातून चीर सुरू झाली ती खालपर्यंत. सकाळी आम्ही गेलो तर खिडकीची चौकट चिखलात उताणी पडलेली. लीया तिच्याकडे बघत उभी होती. मी बोलणारच होतो. तुम्हाला ठाऊक आहे मी काय बोललो असतो. पण आरोनने माझ्याकडे असं पाहिलं की भोंगा घशातच राहिला.

त्या माणसाने तेव्हा नाही, नंतर नाही, रागात नाही, चेष्टेतही नाही, एकदाही म्हटलं नाही की खिडकी तुझी होती.

त्याने भिंत पुन्हा बांधली. खिडकीसकट. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चीर पुन्हा आली, त्याच कोपऱ्यातून. तेव्हा लीया स्वतः म्हणाली, "बुजव ती खिडकी. मी सांगते ना, बुजव." आरोन म्हणाला, "मग इथे राहायचं कशाला?" आणि त्याने भिंतीला बाहेरून तीन टेकू लावले. ते टेकू आजही आहेत. घाणा मात्र थांबला. गुणाजीचा बैल परत गेला. शीराचा फोन आला की बाळ होणार आहे, दोघं इकडेच या. या वेळी दोघांपैकी कोणी नाही म्हणालं नाही. तेव्हा मला समजलं, हे आता थकले.

अध्यक्षबाई, मी लांबण लावलंय. बसा म्हणालात तर बसतो. नाही? बरं.

गेल्या रविवारी मी तिकडे गेलो. आरोन दारात स्टुलावर उभा. हातात स्क्रू ड्रायव्हर. मला बघून खाली उतरला. म्हणाला,

"काका, नियम काय हाय आपला?"

नियम त्याला ठाऊक आहे. तरी मी सांगितला. घर सोडताना, पुढे राहायला येणारा आपल्यातला असेल तर डबी काढायची नाही. नसेल तर काढायची आणि बरोबर न्यायची.

तो म्हणाला, "मग, पुढं कोण हाय आपलं?"

गुरुजी, पेणच्या आमच्या प्रार्थनाघरात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पेण, रोहा, नागोठणं, सगळीकडे निरोप धाडून आम्ही जमवायचो. आरोन दुसऱ्या पाळीहून धावत यायचा, अंगाला ग्रीसचा वास, आणि आम्ही म्हणायचो, आला दहावा. आता तो जाणार. मी मेलो की माझ्यासाठी प्रार्थना म्हणायला किती जमतील, हे मी मोजायचं सोडून दिलंय. तेव्हा आरोनचा प्रश्न चुकीचा नव्हता. आणि डबी काढायला निघाला म्हणजे त्याला परत यायचं नाही, हे मला कळतं. गुरुजी, आपण वाजवल्या त्या टाळ्या वाया गेल्या.

मी त्याला म्हटलं, आज नको, आज ऊन फार आहे, उद्या काढ. आणि बोलता बोलता त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी आलो. तो गेले चार दिवस शोधतोय. लीयाला विचारतोय, गुणाजीला विचारतोय. आरोन, शोधू नको. तो माझ्या या खिशात आहे.

आता जे सांगतो ते नीट सांगायला हवं. पुढे कोण आहे? मी आहे. बुधवारी मी माझी वळकटी आणि देवाचा दिवा घेऊन त्या घरात राहायला जाणार आहे.

थांब, थांब लीया. उठू नको. काय म्हणालीस? मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. ती म्हणते, "काका, येड लागलं काय तुम्हाला? मागली भिंत टेकूवर हाय!"

व्हय गो. ठाऊक आहे. ती पडणार हे मी तुझ्याआधी सांगितलं होतं. मी पुढच्या खोलीत निजेन. दिवसा मात्र तुझ्या खिडकीपाशी बसेन, पाऊस नसेल तेव्हा.

मंडळी, मला काही भ्रम नाही. मी गेल्याने भिंत सरळ होणार नाही. घाणा फिरणार नाही. मला ओलीने खोकला होतो, सापाची मला आजही भीती वाटते, आणि जन्मात मी माझं घर सोडून दुसरीकडे निजलेलो नाही. हे फार दिवस चालणार नाही हेही जाणतो. पण नियम असं म्हणत नाही की पुढचा माणूस तरुण हवा. आपल्यातला हवा, एवढंच म्हणतो. तेवढा मी आहे. तोवर डबी काढायची नाही.

आणि गुणाजी, तुला सर्वांसमोर सांगतो, म्हणजे नंतर नाही म्हणशील तर हे साक्षीला आहेत. माझ्यानंतर ती तू काढ. आमचा कोणी आला नाही तर तूच काढ. तळ्यात टाकू नको, पोरांना खेळायला देऊ नको. माझ्या मातीत माझ्याबरोबर ठेव. कुंकवाचा डाग पुसायची गरज नाही.

कागद संपला. गावाने इस्रायलीच्या पोरांसाठी सतरंजी अंथरली, हार आणले, अध्यक्षबाईंनी रोह्याचं काम टाकून वेळ दिला, ठमाबाईने चहाला दूध दिलं, सगळ्यांचा मी ऋणी आहे. शुभ प्रसंगी मी अशुभ बोललो असेन, कोणाचं नाव मागेपुढे झालं असेल, तर अडाणी म्हातारा म्हणून पोटात घाला.

आरोन, इकडे ये. हा तुझा स्क्रू ड्रायव्हर. तुझा आहे, बरोबर घेऊन जा. इथे आता त्याचं काम नाही.