आप्पांच्या बाजूचं स्टेरिंग

लिवनार असाल ना ताई, तर पैलं हे लिवा, की गनपत मेस्त्रीला खाटीक म्हनले. माज्या तोंडावर म्हनले, आप्पांच्या अंगनात, तेंच्या घरच्या काकू समोर चहाचा ट्रे घेऊन उभ्या असताना, आनि मी कायबी बोललो न्हाय. ते आदी लिवा, मंग बाकीचं. न्हायतर तुमी शिकलेली मान्सं गोड गोड तेवढं लिवता आनि कडू गाळून टाकता.

मी तळ्याचा. म्हंजे तळा ह्या तालुक्याच्या गावातला न्हाय, तितनं अर्ध्या तासावर आमची वाडी हाय, सगळी कुणबी घरं, भातावर पोट. चौघा भावांत मी तिसरा, वाट्याला काय येनार, बापूस म्हनला जा मुंबैला, आनि मी गेलो. एका गॅरेजमदी आदी गाड्या पुसायला, मंग पाने द्यायला, मंग खाली झोपून आवळायला. आमचा वस्ताद व्हता मंगळूरकडचा, लय खडूस, पन हात असा की इंजनाला कान लावून सांगायचा कुठली झडप रडतेय. तेनं मला एकच शिकवलं, काढलेला पार्ट कंदी फेकायचा न्हाय, तेला चिठ्ठी लावायची आनि ठेवायचा. बावीस वर्सं मी तितं काढली. मंग कंबर गेली आनि गावी आलो, तळ्याच्या नाक्यावर पत्र्याची शेड टाकली. आता टेम्पो, रिक्षा, ट्रॅक्टर, कायबी येतं. काय सांगू तुमाला, बैलगाडी पन आनली व्हती एकानं, म्हनला चाक वाजतं.

आप्पा म्हंजे दिवेआगरचे. समुद्राला लागून तेंची नारळ-सुपारीची वाडी, सगळी जिंदगी श्रीवर्धनला शाळेत मास्तर व्हते, इज्ञान शिकवायचे. तेंचे थोरले भाऊ, सगळे तेंना दादाच म्हनायचे, ते बोटीवर इंजिनेर. तेंनी कुठल्या मुलखातनं ती गाडी बोटीतनं आनली. दोन सीटची, लाल, बुटकी, येवढी बुटकी की बसायला गेलं तर जमिनीवरच बसल्यागत वाटतं, आनि पुढलं नाक हे येवढं लांब. स्टेरिंग डावीकडं. तिकडं तसंच आसतं.

आता हितं नीट ऐका, कारन सगळं येतंय ते हितनंच. दादा सुट्टीला आले की गाडी काढायचे, आनि दादा डावीकडं बसायचे, आप्पा उजवीकडं. आख्खा गाव बगायचा. आपल्याकडं डायवर उजवीकडं, त्यामुळं पोरं आप्पांनाच डायवर समजायची आनि हात करायची, आनि आप्पांच्या हातात कायबी नसायचं, मांडीवर हात ठेवून बसलेले. आप्पा म्हनायचे दादा, एकदा मला दे की. दादा म्हनायचे तुला डावीकडनं जमायचं नाही रे, ठोकशील कुठंतरी. तीस वर्सं हेच. मरताना मातर दादा सगळ्यांदेखत म्हनले, गाडी तुझी. तोंडानं म्हनले. कागद तेवढे ऱ्हायले तेंच्याच नावावर.

मंग ते मोठं वादळ आलं. तुमी मुंबैला टीवीवर बगितलं आसंल, आमी अंगावर घेतलं. आप्पांच्या वाडीत ज्याचं नशीब चांगलं तेवढंच झाड उभं ऱ्हायलं, बाकी सुपाऱ्या काडीगत मोडल्या. गाडी ठेवायची पत्र्याची खोपी गाडीवरच बसली. आप्पांनी मला बोलवलं, कुनीतरी नाव सांगितलं व्हतं. मी गेलो तर वरनं दोन माड आनि पत्रे, खाली नाक तेवढं दिसतंय. मी म्हनलो आप्पा, हे भंगार. आप्पा म्हनले गणू, भंगार मी पण आहे, तू आधी बघ तरी.

मी बगितली. चॅसी, म्हंजे खालचा सांगाडा, सरळ व्हती. इंजन जाम, पन फुटलं नव्हतं. मी म्हनलो व्हईल, दोन वर्सं लागतील. तवा आप्पा म्हनले, अजून एक काम आहे, स्टेरिंग उजवीकडे घ्यायचं. मी म्हनलो कशाला? ते म्हनले, अरे, सगळा जन्म मी उजवीकडे बसलो. आता या वयात मी जागा बदलणार नाही, स्टेरिंगनंच माझ्याकडे यावं.

मला लय आवडलं ते. आता खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यावर मी दोन वर्सं काढली.

लोकांना वाटतं स्टेरिंग काढलं आनि तिकडं लावलं, झालं. तसं न्हाय वो. डावीकडं जितं स्टेरिंगचा दांडा जातो, उजवीकडं त्याच जागी सायलेन्सरचा पाइप. मंग तो वळवा. ब्रेक, क्लच, सगळे पेडल इकडं आना, बॅटरी उजवीकडं व्हती ती डावीकडं घाला. वायपर डाव्या डायवरसाठी पुसनार, उजवा कोपरा वलाच ऱ्हानार, ते फिरवा. इंजन आनि पायांच्या मदल्या पत्र्याला एक भोक पाडलं, नारळ जाईल येवढं, तेवढंच काय ते कापलं. डॅशबोर्ड मी कापला न्हाय. आख्खा जुना काढला, गोनपाटात गुंडाळला, चिठ्ठी लावली, आनि नवा पत्रा ठोकून उलटा डॅशबोर्ड बनवला, मीटर इकडं, सामानाचा खन तिकडं. महिना गेला तेच्यात. हे ध्यानात ठेवा.

आनि एक गंमत. जुनाच स्टेरिंग बॉक्स, दांडा ज्येच्यात जातो तो, मी पालथा करून उजवीकडं लावला, म्हनलो कशाला दुसरा. आप्पांना बसवलं, म्हनलो फिरवा उजवीकडं. तेंनी फिरवलं तर चाकं गेली डावीकडं. आप्पा येवढे हसले, येवढे हसले की काकू वाडीतनं पळत आल्या, काय झालं म्हनून. आप्पा म्हनले, बघ, दादा अजून सोडत नाहीये. मंग मी महाडला भंगारात गेलो, जुन्या जीपचा बॉक्स आनला, तो बसवला. आता सरळ.

तर आली गेल्या सालची नवरात्र. गाडी रंगवून उभी, इंजन चालू, सगळं झालं, आनि ऱ्हायला एक नट. स्टेरिंग बॉक्सच्या खाली आर्म बसतो, चाकं वळवतो तोच, तेचा मोठा नट. मी तो हातानं लावून ठेवला व्हता, आवळायचा बाकी, सुटू नये म्हनून पिन मारायची बाकी. अर्ध्या तासाचं काम. पन अष्टमीला संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची व्हती आनि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारं पुजायची, म्हनून मी पान्यांची पेटी घेऊन घरी आलो.

आमच्यात ते लय कडक हाय ताई. नवमीला हत्यारं धुवायची, पाटावर मांडायची, कुंकू, झेंडू, निवद, आनि मंग दसरा सरेपर्यंत हात लावायचा न्हाय. बापूस नांगराला लावायचा न्हाय, मी पान्याला लावत न्हाय. मुंबैला पन, वस्ताद दुसऱ्या मुलखातला, पन त्या दिवशी गॅरेज बंद.

माजी बायको सुमन, तिनं पूजा मांडली, आनि आप्पांचा फोन आला. गणू, किती राहिलंय? मी म्हनलो एक नट. ते म्हनले मग आज ये ना, भाड्याची गाडी पाठवतो. मी म्हनलो आप्पा, आज हत्यारं पुजलीत. इज्ञानाचे मास्तर, मला वाटलं आता टोचून बोलनार. न्हाय बोलले. म्हनले बरोबर आहे, तुझा धंदा, तुझा देव, परवा ये. मी वाट बघतो. आनि पुढं म्हनले, मी आज पांढरा शर्ट काढून ठेवला होता.

दसऱ्याला सोनं वाटत मी आमच्या वाडीत फिरत व्हतो, खिशात आपट्याची पानं, आनि काकूंचा फोन. आप्पांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलंय. उजवा हात, उजवा पाय. तोंड वाकडं.

डॉक्टर म्हनले व्हनारच व्हतं, बीपी व्हता. व्हनारच व्हतं तर एक दिस उशिरा व्हायचं. एक नट व्हता वो. अर्धा तास. मी तितं पाटापुढं उदबत्ती लावत बसलो व्हतो आनि हा मानूस पांढरा शर्ट काढून बसला व्हता. मला माजाच येवढा राग आला की मी महिनाभर शेड उघडली न्हाय. सुमन म्हनायची तुमचा काय दोष, रीत हाय ती. रीत हाय, ठाव हाय मला. म्हनून तर राग येतो, दुसऱ्या कुनाचा दोष आसता तर जाऊन भांडलो आसतो.

आनि त्यात तो आला, दादांचा मुलगा, पुन्याचा. वादळ झालं तवा आला न्हाय, आप्पा पडले तवा दोन दिसांनी फोन केला, पन गाडी तयार हाय म्हनल्यावर आला. संगं एक जानकार, जुन्या गाड्यांचा. त्या जानकारानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आनि म्हनला, हे कोणी केलं? कुठल्या खाटकानं? असल्या गाडीचं स्टेरिंग हलवतात का, हिची सगळी शान गेली, परत डावीकडं घ्यावं लागेल. आनि पुतन्या माज्याकडं बगून म्हनला, काकांना कळत नव्हतं, पण तुम्हाला तरी कळायला हवं होतं.

काकांना कळत नव्हतं. आप्पा खिडकीतनं ऐकत व्हते, बोलता येईना तेंना, डाव्या हातानं पलंगाची कड धरली व्हती. आनि मी खाटीक. मी म्हननार व्हतो की अरे बाबा, तुज्या बापानं तीस वर्सं भावाला स्टेरिंगला हात लावू दिला न्हाय, मी एक नारळायेवढं भोक पाडलं, बाकी तुजा आख्खा डावा डॅशबोर्ड माज्या माळ्यावर चिठ्ठी लावून ठेवलाय, उंदरानं पन खाल्ला न्हाय. पन काकू व्हत्या. पुतन्या जाताना गाडीची चावी घेऊन गेला, म्हनला कागद आमच्या नावावर आहेत, दिवाळीनंतर ट्रक पाठवतो. त्या दिवाळीला आला न्हाय. वरीसभर गाडी तशीच, फडक्याखाली, नट हातानंच लावलेला. आता ह्या दिवाळीनंतर नक्की म्हनतो.

आता परवाचं सांगतो, मंग झालं. परवा नवमी व्हती. सुमननं पाट मांडला, सगळी हत्यारं धुतली, मोठ्या पान्याला मदोमद कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मी आंघोळ करून आलो, पाया पडलो आनि तो पाना उचलला. सुमन बगतच ऱ्हायली. म्हनली अहो. मी म्हनलो यीन दुपारपर्यंत. ती म्हनली देवाला काय सांगू? मी म्हनलो सांग, आप्पांकडं गेलाय.

मोटरसायकल काढली, थेट दिवेआगर. काकूंनी नव्या खोपीचं कुलूप काढलं. मी खाली गेलो, नट आवळला, पिन मारली. अर्धा तास पन न्हाय लागला ताई, दहा मिंटं. मी घड्याळ बगितलं म्हनून सांगतो.

चावी न्हाय म्हंजे इंजन न्हाय. मंग वाडीतला सुपाऱ्या काडनारा गडी, शेजारचे दोगे आनि मी, आमी आप्पांना खुर्चीसकट उचलून आनलं आनि उजवीकडं बसवलं. काकूंनी पांढरा शर्ट घातला व्हता तेंना, कवा घातला कोन जाने. उजवा हात मांडीवर ठेवला, पैल्यासारखाच. डावा मी धरून स्टेरिंगवर ठेवला. काकू डावीकडं बसल्या, दादांच्या जागंवर. आनि आमी चौघांनी मागनं ढकलली.

वाडीतनं इहिरीपर्यंत वाट हाय, तितं वळन हाय, पुढं समुद्राचा रस्ता. मी मागं वाकून ढकलतोय, मला पुढलं कायबी दिसत न्हाय, रडतोय पन आनि शिव्या पन घालतोय, कुनाला ते मला ठाव न्हाय. वळन आलं तसा मी वरडलो, आप्पा, वळवा. आनि गाडी वळली. सावकाश, बरोबर, इहिरीच्या कठड्याला न लागता वळली. एका हातानं, तो पन डावा.

रस्त्याला थांबवली. मी पुढं गेलो. आप्पांचं बोलनं आता काकूंनाच कळतं, मी कान लावला. म्हनले, हलकं आहे रे. स्टेरिंग. दोनदा म्हनले.

ट्रक येऊ दे आता. जुना डॅशबोर्ड मी सोता खाली आनून देनार, चिठ्ठीसकट. डावीकडं लावायला मुंबै-पुन्याला लय मेस्त्री पडलेत, माजा हात लागनार न्हाय तेला. पुतन्या सुखी ऱ्हावो, तेची पोरं त्या गाडीत बसोत, मी वाईट चिंतनार न्हाय. आनि आप्पांना आजून दोन पावसाळे मिळोत, येवढंच मागनं.

घरी आलो तवा पाटावर पान्याची जागा तशीच मोकळी, सुमननं दुसरं काय ठेवलं नव्हतं तितं. मी पाना परत ठेवला, कुंकवाला ग्रीस लागलं व्हतं. ती म्हनली देव रागावंल वो. मी म्हनलो रागावू दे. मी पन तेच्यावर वरीसभर रागावलोय, आता आमचं आमी बगून घेऊ.