हेनिंगसाहेब मागणी घालायला आले

— नाही, नाही, मांडी घालूनच बसलं पाहिजे असं काही नाही, हेनिंगसाहेब, पाय लांब करा खुशाल. तुमच्या गुडघ्यांचा आवाज मला इथवर ऐकू आला. पाठीशी ती उशी घ्या — ती नको, ती शोभेची, बायको ओरडेल — हां, ती लाल. तर काय सांगत होतो मी? पद्धत! आमच्यात मुलीला मागणी घालायला असं कोणी येत नाही. आधी बायका येतात. मुलाची आई, मावशी, एखादी भांडकुदळ आत्या. त्या चहा पितात, मुलीची चाल बघतात, पडदे कुठून घेतले ते विचारतात आणि घरी जाऊन नावं ठेवतात. मग पुढे कधीतरी पुरुष येतात, पांढऱ्या दाढीचे, चार चांगल्या घरचे. आणि आमच्या रामीनजाननी कोणाला पाठवलं? फुटबॉल क्लबचे मोजे धुणाऱ्या माणसाला! आता तोंड पाडू नका, मोजे धुणं वाईट नाही, मी स्वतः बस चालवतो. पण मागणी घालायला येताना केक? आणि केकवर डेन्मार्कचे कागदी झेंडे? कोणाचा वाढदिवस आहे? ... असू द्या. दाढी मात्र पांढरी आहे तुमची. तेवढं एक बरोबर जमलंय त्याला.

माहीत आहे मला, त्याची आई तिकडे काबूलपलीकडे, मजार शहरात आहे, तिला व्हिसा मिळत नाही, बाप केव्हाच गेला. माहीत आहे हो. म्हणून काय क्लबच्या धोबीखान्यातून बाप आणायचा? — चहा संपला? द्या पेला. मघाशीच सांगितलं ना तुम्हाला, पेला रिकामा दिसला की यजमानाने भरायचा, अशी रीत आहे. पुरे झाला असेल तर पालथा घालायचा. मग बैठक उठते, कोणाला वाईट वाटत नाही. दोनदा सांगितलं. पण तुम्ही आपले गटागट पिताय, मी आपला भरतोय. पोटात जागा आहे की विहीर?

आणि सारखं त्या दाराकडे बघू नका. ते खोकलं ना, ती माझी बायको, माहजान. तिला खोकला नाहीये, ती ऐकतेय. तिच्या मागे पोरगी, जर्मीना, असेल, ती श्वास रोखून ऐकतेय. ऐकू द्या! मी काही चोरून बोलत नाही. आज दारातून ताट-बिट काही येणार नाही, एवढं समजून असा. आमच्यात मुलीच्या घरून मिठाईचं ताट मुलाच्या माणसाच्या हातात गेलं की संपलं — लग्न ठरलं, मग बापाने भिंतीवर डोकं आपटलं तरी ताट परत येत नाही. म्हणून तर पहिल्या दिवशी ते कोणी देत नाही. पहिल्याच दिवशी दिलं तर लोक म्हणतील, शेरआगाला मुलगी जड झाली होती. मागणाऱ्याने जोडे झिजवायचे असतात, साहेब. मी माहजानसाठी एक अख्खा हिवाळा झिजवले. तिचा बाप दर खेपेला म्हणायचा, बघू.

बरं, आता मुलाकडे वळू. मुलगा करतो काय? चेंडूला लाथा मारतो. हसू नका, माझ्या सासऱ्याने हेच विचारलं असतं — बस चालवणाऱ्याचं कळतं, नान भाजणाऱ्याचं कळतं, तोही पडला तर उठून पुन्हा भाजतो. पण लाथा मारणारा? पायाचं एक हाड सरकलं की संपला! आणि कारकीर्द तरी कशी? ऐका, मी सांगतो, तुम्ही नुसती मान हलवा. इथे ओडेन्समध्ये शिकला, पोरांच्या संघात चमकला, पेपरात फोटो आला — तुमच्या पेपराने नाव चुकीचं छापलं, ते सोडा. मग गेला नॉर्वेला. कुठे? अगदी वर, जिथे हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवत नाही. तिथे हा अंधारात बाकावर बसून राहिला. मग माल्टा! माल्टा म्हणजे नकाशावर माशी बसली तर झाकला जाईल एवढा देश. तिथे दोन गोल केले, एक हाताने केला असं पंच म्हणाला. मग थायलंड. तिथे काय झालं? तिथे क्लबच बुडाला. आमचा रामीनजान जिथे जातो तिथे एक तर सूर्य नसतो, नाहीतर क्लब नसतो! आणि मग गुडघा फाटला तेव्हा आला परत इथे, तुमच्या क्लबात, लीगच्या दुसऱ्या विभागात, जिथे शनिवारी दुपारी पाऊस बघायला जास्त लोक येतात की सामना, ते कळत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, दुसरं काय.

आणि वर देशाकडून खेळतो म्हणे! देशाकडून! घरचा सामना म्हणे! हेनिंगसाहेब, घरचा सामना खेळायला आमचे अकरा जण कुठे जातात सांगा. दुसऱ्याच्या देशात! आज या शेजाऱ्याकडे, उद्या त्या — ओसरी दुसऱ्याची आणि हे यजमान होऊन दारात उभे, या बसा, पाहुणे! पाहुणेच हसत असतील. परवा तो सामना होता ना, त्यात याने डाव्या पायाने मारलेला खांबाला लागून बाहेर गेला — बाहेर म्हणजे एवढा, बोटभर — आणि नंतर हा गवतावर तोंड खुपसून पडला. पडून काय उपयोग? उठ ना! मी ओरडलो इथून, उठ रे गाढवा! आणि त्याआधी गाणं वाजलं, झेंडा वर गेला, जो झेंडा आता काबूलमध्ये कोणी लावू शकत नाही, तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभा — म्हणजे माझी पाठ अवघडली होती, म्हणून उठलो. पाठीसाठी उठावं लागतं अधूनमधून. डॉक्टरने सांगितलंय.

मी सामने बघत नाही. कोण म्हणालं? माहजान, खोकू नकोस! मी मैदानाकडे जाणारी बस चालवतो, आणि शेवटच्या थांब्यावर गाडी थोडी थांबवावी लागते, कुंपणाच्या पलीकडून दिसतं ते दिसतं, आता काय मी डोळे फोडून घेऊ? शनिवारचीच पाळी का मागून घेतो? कारण शनिवारी रस्ते मोकळे असतात. ... काय? तुमच्या लोकांनी बघितलंय मला कुंपणाशी? टोपी घालून? टोपी थंडीसाठी होती. इथला वारा माहीत नाही का तुम्हाला?

आणि तुमच्या लोकांचं तर नावच काढू नका. मागच्या महिन्यात हरलात ना तुम्ही, तेव्हा परतीच्या बसमध्ये तीन दांडगट चढले, गळ्यात तुमच्याच क्लबचे मफलर, आणि लागले मागे बसून — त्या अफगाण्याला हाकला, उंटावर बसवून घरी पाठवा. मी आरशात बघतोय. एक थांबा गेला, दुसरा गेला, ते गातायत. मग मी गाडी कडेला घेतली, भर वाऱ्यात, शेतांच्या मध्ये, दार उघडलं आणि म्हटलं, इंजिनात बिघाड झालाय, मागचे तीन प्रवासी उतरले तर बिघाड जाईल. उतरले! चालत गेले! वरून तक्रार केली, मला साहेबाने बोलावून घेतलं, मी म्हटलं, इंजिनाला विचारा. ... हे त्याला सांगू नका. त्याला वाटेल मी त्याच्यासाठी केलं. मी उंटासाठी केलं. बिचाऱ्या उंटाने यांचं काय घोडं मारलंय?

द्या पेला. चांगलाच पिता हो तुम्ही, माझा मेहुणा असाच होता.

आता खरं बोलू? खरं बोलतो. पोरगा वाईट नाही. ईदला हॉलमध्ये खुर्च्या उचलताना पाहिलाय मी त्याला, सगळे निघून गेल्यावर. दारू नाही, उद्धटपणा नाही, म्हाताऱ्या बायकांच्या पिशव्या उचलतो. पण मला काय दिसतं सांगू? मला दिसते बॅग. आता म्हणे मलेशियाहून बोलावणं आलंय. तिथून पुढे कुठे? देवाला ठाऊक. एक वर्षाचा करार, मग पुढचं एक वर्ष. साहेब, मी पण असाच होतो — पेशावरला होतो, कोणीतरी म्हणालं जा. इराणला होतो, जा. तुर्कस्तानात होतो, जा. माझा तर गुडघाही फाटला नव्हता आणि पेपरात फोटोही येत नव्हता, तरी प्रत्येक देशाने मला बाकावर बसवलं आणि मग पाठवून दिलं. फरक एवढाच की त्याला निघताना टाळ्या मिळतात. जर्मीना तेव्हा एवढीशी होती. इथल्या निर्वासितांच्या छावणीत आलो तेव्हाही ती रात्री बूट उशाशी घेऊन झोपायची. लेस बांधलेले, तयार. मी म्हणायचो, बाळा, इथून आपल्याला कोणी हलवणार नाही, बूट दाराशी ठेव. ती हो म्हणायची आणि मी झोपलो की पुन्हा उशाशी. किती दिवस! मग एकदा सकाळी उठलो तर तिचे बूट दाराशी होते, एक इकडे, एक तिकडे, सगळ्या पोरांचे असतात तसे अस्ताव्यस्त. मी तिथेच दाराशी बसून रडलो, हेनिंगसाहेब. हो, रडलो, त्यात लाज कसली. त्या दिवशी ठरवलं, या पोरीचे बूट आता मी कोणालाही उचलू देणार नाही. आज ती औषधांच्या दुकानात काम करते, अख्ख्या गल्लीची औषधं तिला पाठ आहेत. आणि हा फुटबॉलवाला येणार आणि म्हणणार, चल, उचल? नाही. माझं उत्तर नाही. झालं. सांगा त्याला, आणि तुमचा केकही —

काय म्हणालात? हळू बोला, मला कळू द्या. सगळ्या खेळाडूंचे बूट तुमच्याकडे असतात, तुम्ही पुसता, कपाटात लावता. बरं. मग? रामीनचे नसतात? ... घरी घेऊन जातो? रोज? का? ... असं कसं, एवढी वर्षं झाली, त्याला इथला पासपोर्ट मिळालाय, क्लबचं कुलूप आहे, तुम्ही आहात — ... तुम्ही विचारलं होतं त्याला? आणि काय म्हणाला? ... कधी निघावं लागेल सांगता येत नाही.

असं म्हणाला.

थांबा, आधी तुमचा पेला भरतो. — आणि जर्मीनाला ठाऊक आहे हे? तिनेच त्याला सांगितलं, मलेशियाला तू जा, मी येणार नाही, आणि राहायचं असेल तर बाबांकडे माणूस पाठव? कधी झालं हे? मला घरात कोणी काही सांगतं की नाही? आणि तो? राहतोय? इथे? तुमच्या त्या पावसाच्या विभागात? ... मूर्ख आहे. मलेशियात ऊन तरी असतं.

माहजान, तू का बाहेर आलीस? आम्ही बोलतोय ना. हे काय हातात? रुमाल कुठला हा — हा तुझ्या आईने भरलेला, तो पेटीत होता ना, केव्हा काढलास? बदाम, साखरेचे — आज सकाळीच आणलेस? म्हणजे मी बसवर होतो तेव्हा? ठेव खाली. माहजान, मी सांगतोय, खाली ठेव, मी अजून हो म्हटलेलं — हेनिंगसाहेब, तुम्ही घेऊ नका! घेऊ नका हात पुढे! साहेब — अरे!

घेतलं.

दोन्ही हातांनी घेतलं. आणि उजवा हात आधी. कोणी शिकवलं तुम्हाला हे? ... आणि पेला? आता पेला पालथा घालता? म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! मी इथे बसून तुम्हाला डेन्मार्कचा भोळा म्हातारा समजून चहा पाजतोय, आणि तुम्ही बैठक उठू नये म्हणून पीत होतात, ताट येईपर्यंत! बाप रे. किती पेले प्यायलात? मूत्रपिंडं आहेत की पखाली?

हसू नकोस गं आत. जर्मीना, ऐकू येतंय मला.

ठीक आहे. उठा आता. सावकाश, गुडघे. ताट सरळ धरा, एक बदाम जरी सांडला तर वाटेत लोक काय म्हणतील, शेरआगाच्या घरचं ताट रिकामं होतं. तुमचे बूट तिथे आहेत, दाराशी. आणि त्याला माझा निरोप सांगा. येत्या शुक्रवारी जेवायला ये म्हणावं, एकटा नको, तुम्हीही या, बाप म्हणून आलात तर आता बापच राहा. आणि येताना ते खेळायचे बूट घेऊन ये म्हणावं. माझ्या दाराशी ठेवायचे, आणि निघताना तिथेच विसरून जायचे. जा आता, बस चुकेल तुमची.