वाघ वाचवायची शपथ

वाघ वाचवायला आलेल्या साहेबांचं सांगतो, ऐका. येडशीच्या जंगलात वाघ आला, त्यानं माझी कालवड खाल्ली, आन् हे साहेब वाघाला सोडून आमालाच शपथ द्यायला गावात आले! सगळ्यांना ओढ्याकाठी उभं करून हात पुढं करायला लावला. त्याआधी भाषण.

"वाघ देशाची शान आहे. समोर आला तर पळायचं नाही, शांत उभं राहायचं."

शेळ्या राखणारे हुसेनचाचा म्हणले, "आमी रोज तेच करतो, साहेब."

मग साहेब पुढं, आमी मागनं. "मी वाघाच्या रक्षणासाठी सदैव तत्पर..." इथवर आलो आन् समोरच्या तुरीतनं वाघच बाहेर! आमी जागीच थिजलो, हात तसेच पुढं. साहेब मात्र पळत जाऊन त्यांच्या जीपमधी, आन् दार धाडकन बंद. वाघानं मान वळवून बघितलं आन् ओढ्यात उतरून गेला.

लई वेळानं जीपची काच दोन बोटं खाली आली.

"वाघाला कुणी त्रास दिला नाही ना?"

हुसेनचाचा म्हणले, "न्हाय साहेब. तुमच्या दाराच्या आवाजानं तेवढा दचकला बिचारा."