फोटोतलं बोट

सकाळचे साडेदहा. अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक.

—नाही हो ताई, ताप नव्हताच. तेच तर! फ्लू झाला, उतरला, सगळ्यांनी जाहीर करून टाकलं— अण्णा ठणठणीत. अण्णा म्हणजे माझे सासरे. आणि मागोमाग हा न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, फ्लू जातो पण फुप्फुसं खिळखिळी करून जातो, आणि या वयात ताप यायलाच हवा असं नाही— माणूस नुसता गप्प होतो, पेंगतो, ताट सरकवतो. आणि आमचे दीर काय म्हणत होते? 'अण्णा किती शहाण्यासारखे पडून असतात!' शिसारी येते मला. श्वास पुरत नाहीये माणसाला, आणि हे म्हणे शहाणे!

हो, त्यांच्याकडेच होते. एक महिना आमच्याकडे, एक महिना त्यांच्याकडे— जास्तीची खुर्ची असावी तसे फिरवतो आम्ही त्यांना. मी फोनवर सांगितलं, बोटाला ते ऑक्सिजनचं मशीन लावा. धाकट्या जाऊबाईंनी फोटो टाकला घरच्या ग्रुपवर. अठ्ठ्याण्णव! झालं— लगेच सगळ्यांचे अंगठे, जोडलेले हात, फुलं. हा बघा. आकडा नका बघू, नख बघा. गुलाबी नेलपॉलिश! अण्णांच्या बोटाला! अख्ख्या घराने पाहिला हा फोटो, नख एकालाही दिसलं नाही. मला तर तेव्हाच— म्हणजे आत्ता, इथे बसल्यावर दिसलं.

अशा काय बघताय? बोलले असते तर काय झालं असतं? जाऊबाई म्हणाल्या असत्या, 'मग तुम्हीच घेऊन जा ना, ताई'— की अण्णा परत माझ्या दारात! माझी पाळी नुकती कुठे संपली होती. हा अंगठा? हो, माझाच आहे. सगळे देतात तेव्हा द्यावा लागतो.

मघाशी जिन्यात धरलं त्या धाकटीला. म्हणे, अण्णांच्या बोटावर काहीतरीच दाखवत होतं, म्हणून मशीन बिघडलंय का ते बघायला स्वतःला लावलं. बरं, बिघडलं नव्हतं ना? मग? पदराशी खेळत उभी!

जा, जा तुम्ही, सिस्टर बोलावतायत. माझं काय ऐकत बसता.

मशीन चांगलं होतं. त्या दिवशी अण्णांच्या बोटावर आकडा किती होता, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.