नकाशात नसलेलं लोणंद

(सांगलीतल्या एका महाविद्यालयाचा व्हरांडा. अल्फिया मुलाणीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा थोड्याच वेळात सुरू व्हायची आहे. तिचा थोरला भाऊ मतीन लोणंदहून आला आहे.)

अल्फिया : पण सगळ्यांना कशाला आणलंस, भाई? एकटाच येतो म्हणाला होतास.

मतीन : तूच म्हणलीस फोनवर, परीक्षा खुली असती, कुणीबी येऊन बसावं. मी आपलं चहाच्या गाड्यावर बोललो. तर तानाजी म्हणला, आपलं गाऱ्हाणं मांडलं जाणार आन आपुन घरात बसायचं व्हय? मग काय, पॅसेंजरनं आलो समदी.

अल्फिया : कुठे आहेत?

मतीन : खाली, झाडाबुडी. कंपनीचं शर्ट घालून आल्यात, इस्त्री करून. म्हणलं, आरं कारखान्याला कुलूप लागलं, आता शर्ट कशाला? तर म्हणत्यात, सायबास्नी वळखू आलं पायजे, कुणाबद्दल बोलणं चाललंय.

अल्फिया : या अल्ला.

मतीन : तोंड का पडलं तुजं? भ्या वाटतंय? आगं, एवढी वर्षं घासलीस. तुला काय इचारणार ती?

अल्फिया : भाई, त्यांना वर आणू नकोस. चहा पाज आणि परत घेऊन जा.

मतीन : शर्टाची लाज वाटाय लागली काय?

अल्फिया : तसं नाही. तुमच्यावरचं प्रकरण प्रबंधात नाहीये.

मतीन : न्हाई म्हंजे?

अल्फिया : काढलं.

मतीन : कुणी?

अल्फिया : मीच. काढावं लागलं.

मतीन : आगं, रविवार-रविवार बसलीवतीस आमच्यात. तानाजीची बायकू माया, कवा कुणाम्होरं बोलत न्हाई, ती तुज्या मोबाइलम्होरं रडली. ‘वहिनी, बोला, हे पुस्तकात जाणार,’ कोण म्हणलं तिला?

अल्फिया : मीच म्हणाले. आणि खरंच लिहिलं होतं. पण माझा विषय काय आहे, ते तरी ऐकशील? ‘नियरशोअरिंगवरच्या संशोधनाचे प्रवाह.’ लांबच्या देशातलं काम कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकाच्या जवळच्या देशात नेलं, की त्याला नियरशोअरिंग म्हणतात.

मतीन : आमचं मेक्सिकोला नेलं तसं.

अल्फिया : तसंच. त्यावर जगभर कोण काय लिहितंय, एवढंच मी तपासायचं. आधी सगळे खर्चावर लिहायचे. कोविडनंतर सगळे वळले माल वेळेवर का पोचत नाही, त्याच्याकडे. आता पर्यावरण आणि रोबोट. संगणक शब्द मोजतो आणि नकाशा काढतो. शब्द जितक्या जास्त लेखांत, तितका त्याचा गोळा मोठा. फारच थोड्या लेखांत असला, तर तो नकाशात येतच नाही.

मतीन : आन आमी?

अल्फिया : काम जिथं जातं, त्या गावांवर ढिगानं लेख आहेत. जिथून जातं, त्या गावांवर कुणी फारसं लिहीतच नाही. मी म्हटलं, निदान आपण लोणंदचं एक प्रकरण जोडू. तर बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आला, हा संशोधनाचा अभ्यास आहे, कामगारांचा नव्हे. प्रकरण वगळावं.

मतीन : त्या मेक्सिकोच्या राऊलचं लिवलंवतंस का?

अल्फिया : हो.

मतीन : त्यो आन त्याची माणसं काम शिकाय लोणंदला आली, ते? तानाजीनं हाताला धरून शिकवलं त्याला. वतीव लोखंडाचं कास्टिंग मशिनीवर बसवायचं कसं, मशिनीचा आवाज बदलला की थांबवायचं कवा. ईदला आपल्या घरी जेवला, अम्मीनं डबा भरून शीरखुर्मा दिला त्याला. मॅनेजर म्हणायचा, दुसरा कारखाना निघतोय, तुमच्यातलेच काहीजण तिकडं जातील. आमी येडी, पासपोर्ट काढाय निघालो.

अल्फिया : तेही लिहिलं होतं.

मतीन : मशिनी खोक्यात भरल्या त्याबी आमीच. खंडेनवमीचं कुंकू तसंच होतं त्यांच्यावर. तानाजी म्हणला, पुसू नका रं, लांबचा परवास हाय.

अल्फिया : माहीत आहे, भाई. तेच सगळ्यात चांगलं उतरलं होतं.

मतीन : म्हणून काढलंस?

अल्फिया : नाही काढलं तर पदवी लांबते. पदवी लांबली तर जूनमध्ये माझी इथली जागा जाते. आणि आता घर कुणाच्या पगारावर चालतंय?

मतीन : हाणलंस बघ.

अल्फिया : मला तसं म्हणायचं नव्हतं.

मतीन : म्हण की. खरं हाय ते.

नानासो सर : अल्फिया… अं, परीक्षक आलेत. चहा घेतायत. हे कोण?

अल्फिया : माझा थोरला भाऊ, सर. मतीन. भाई, हे माझे मार्गदर्शक.

मतीन : नमस्कार. तुमीच काढाय लावलं व्हय आमचं परकरण?

नानासो सर : मी… म्हणजे, शेरा त्यांचा होता. पण मान्य करून टाक, असं मीच सुचवलं. मला ते प्रकरण आवडलं होतं हो. दोनदा वाचलं.

मतीन : आवडलं, आन काढलं.

नानासो सर : माझ्या आवडीवर माझाच कधी भरवसा बसला नाही. उभा जन्म पुस्तकांत गेला, तरी एखादं पान चांगलं आहे हे दुसऱ्यानं म्हटल्याशिवाय मला ठामपणे म्हणता येत नाही. हिची पदवी असल्या माणसाच्या मतावर कशी टांगू?

मतीन : व्हय. त्येबी खरंच.

नानासो सर : आणि… अं, खाली ते एकसारख्या शर्टातले लोक बसलेत. तुमच्याबरोबरचे का?

मतीन : आमचीच माणसं. निघालोच आमी.

नानासो सर : नाही, नाही. उलट त्यांना वर आणता का? सभागृह रिकामं आहे. मुलं सुट्टीवर, प्राध्यापक पेपर तपासायला गेलेत. खुली परीक्षा म्हटल्यावर श्रोते दिसायला हवेत, त्यांच्या सह्या लागतात.

मतीन : म्हंजे पुस्तकात नगं, पण खुर्चीत पायजेत.

नानासो सर : अं… सह्यांचा कागद दारातच ठेवलाय. येतो मी. अल्फिया, दहा मिनिटांत आत ये.

अल्फिया : भाई, आणशील त्यांना?

मतीन : तुज्या सरास्नी पायजेत म्हणल्यावर!

अल्फिया : मग एक ऐक. शेवटी अध्यक्ष म्हणतात, कुणाला काही विचारायचं आहे का? ते नुसतं म्हणायचं म्हणून असतं. तेव्हा तुमच्यातलं कुणी उठू नका. आमच्या विभागातल्या अंकिता मॅडमना मी एक प्रश्न देऊन ठेवलाय, त्या विचारतील.

मतीन : परश्नबी ठरवल्याला?

अल्फिया : सगळीकडे तसंच करतात.

मतीन : आन मी उठून इचारलं, आमचं काय केलंसा, तर?

अल्फिया : तर सगळ्यांसमोर काढलेल्या प्रकरणाचा विषय निघेल. परीक्षक चिडतील, निकाल अडकेल. त्यांना काय, ते संध्याकाळच्या गाडीनं घरी जातील. मी मात्र इथेच राहीन, जागा गेलेली.

मतीन : (जिन्याकडे वळत) बघू.

अल्फिया : उठणार आहेस का तू? सांग मला आत्ताच.

मतीन : तानाजीला वाटतंय, आज त्याचं नाव घेणारायस.

अल्फिया : आभारात ‘लोणंदचे कामगार बांधव’ असं ठेवलंय.

मतीन : नाव न्हाई.

अल्फिया : नाही. मी खाली येऊन सांगू का त्यांना? माझ्या तोंडानं?

मतीन : आता? परीक्षा दहा मिनिटांवर आली आन तू त्यास्नी सांगणार? ऱ्हाऊ दे. आत तू बोलणार कशात? मराठीत?

अल्फिया : इंग्रजीत.

मतीन : समदं?

अल्फिया : पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मतीन : मग बरं हाय. त्यास्नी काय कळायचं न्हाई. मी टाळ्या वाजवल्या की तीबी वाजवतील.