आवळ, दिलावरभाई, आवळ!

...आणि वर लोक म्हणतात, दिलावर मिस्त्रीच्या हातात जोर नव्हता! अहो, जोर नव्हता? तुम्हाला सांगतो, जोर जरा जास्तच होता, तिथंच तर सगळा घोटाळा झाला! सेहेचाळीस सालची गोष्ट. कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्याला लागून त्याचं दुकान, दुकानामागंच घर. सहादेव पाटलांची जुनी मोटार आली, त्यानं ऑईल फिल्टर काढून साफ केला, तेलाच्या नळीचा नट आवळला आणि छातीवर हात मारून सांगितलं, "पाटील, थेंब गळायचा न्हाई!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मोटार दारात! मागच्या सीटवर पाटलांची लेक मुक्ताबाई कळा देतीय, शेजारी कडूबाई सुईण ओरडतीय, "प्वार आडवं हाय, माज्या हातचं न्हाई, नगरच्या दवाखान्यात न्या!" आणि मोटारीखाली? तेलाचं थारोळं! पस्तीस मैल जायचं, तेल संपलं की इंजिन जागच्या जागी जाम होणार, आणि त्या काळी दुसरी मोटार आणायची कुठून?

पाटील एवढा भारदस्त माणूस, पण पागोटं सुटलेलं कळंना. "लेक हाय माजी... आवळ, दिलावरभाई, आवळ!"

आवळलं. इंजिन चालू केलं. टप... टप!

समोरचा आसाराम किराणावाला, ज्यानं जन्मात गुळाच्या ढेपेखेरीज काही उघडलं नाही, तोही सांगायला हजर. "आवळ, दिलावरभाई, आवळ!" दिलावरनं पान्याला लोखंडी नळी जोडली, तिला अक्षरशः लोंबकळला... टपटपटप! अहो, आवळावं तितकं जास्त गळतंय! मोटारीतून कडूबाई, "आवळ की मेल्या!" आणि दोन कळांच्या मधे ती बिचारी मुक्ताबाई, "आवळा न्हाईतर सोडा, पन निघा हो!"

ही पोर दिलावरच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली. आता हिला काही झालं तर? मिस्त्रीनं पाना टाकला आणि चक्क डोकं धरून खाली बसला.

तेवढ्यात मागनं बायकोचा आवाज. हसीना! चुलीपुढनं उठून आलेली, कपाळावर घाम. "अजी, नट काढा आदी. त्याच्या खालचं ते तांब्याचं कडं द्या हिकडं."

"अगं, वायसर हाय ते! तुला काय कळतंय?"

"तांबं कळतंय. आमचे अब्बा जल्मभर भांडी ठोकत हुते. मार खाऊन तांबं कडक झालं की काय करायचे? तापवायचे! मऊ झाल्याबिगर ते जाग्यावर बसतंय व्हय?"

भांडायला वेळ कुणाला होता? वायसर चुलीत गेलं, लालबुंद झालं, चिमट्यानं पाण्यात... चुर्रर्र! तिनं राखेनं घासून, पदरानं पुसून नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. "बसवा. बोटानं फिरवा. आता पाना... हळू... बस!"

आणि गर्दी? गर्दीला काय अक्कल! "आवळ, दिलावरभाई, आवळ!" दिलावरचा हात तर नुसता शिवशिवतोय, आणखी एक झटका, फक्त एक...

"बस म्हटलं ना!"

थांबला, हो. आयुष्यात पहिल्यांदा थांबला. नवं तेल ओतलं, इंजिन चालू केलं, नटाखाली पांढरं फडकं धरलं. सगळे वाकून बघतायत. फडकं कोरडं! मोटार सुटली, दिलावर तिच्याच पायरीवर उभा राहून सोबत गेला, वाटेत राहुरीला उतरून त्यानं बोट फिरवून पाहिलं, तिथंही कोरडं. दुपारच्या आत दवाखाना गाठला, आणि दिवस मावळायच्या आधी मुक्ताबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पाटील भिंतीकडं तोंड करून रडले आणि दिलावरला म्हणाले, "धूळ गेली डोळ्यात."

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्रीचं नाव झालं असेल. झालं ना! पंधरा दिवसांनी पार मनमाडकडनं एक लॉरी आली, तेल गाळत. दिलावर पाना घेऊन लगबगीनं पुढं झाला, तर ड्रायव्हर त्याच्या खांद्यावरनं घरात डोकावत विचारतो, "मिस्त्री हायेत का?"

दिलावरनं पाना खाली ठेवला, बाकडं पुसलं आणि म्हणाला, "हायेत. भाकरी थापत्यात. बसा."