साहेब यायच्या आधी

ताई : कप ठेवलास तेव्हा बशी वाजली नाही. आज हात स्थिर आहे तुझा.

धाकटा : चौकशीला ऑफिसातले साहेब येणार म्हटल्यावर हातालाही अक्कल येते.

ताई : मागच्या महिन्यात पिऊन शेजाऱ्यांच्या फाटकावर गाडी घातलीस, तेव्हा कुठे गेली होती ती अक्कल?

धाकटा : फाटक नवं बसवून दिलं ना आपण? काकांनी तक्रारसुद्धा केली नाही.

ताई : गाडी मी चालवत होते असं सांगितलं त्यांना, म्हणून नाही केली.

धाकटा : मग तेच साहेबांना सांग. शेवटचं. प्रयोगशाळेत काम करायची सुरक्षेची मंजुरी परत मिळाली की मी कामावर, तू सुटलीस. घरात बसून भिंतींशी ओळख झालीय माझी.

ताई : पहिल्यांदा पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं, तेव्हा फक्त मंजुरीच काढून घेतली त्यांनी. नोकरी ठेवली. उपचार घे, दारू सोड, मग बघू म्हणाले.

धाकटा : घेतले की उपचार.

ताई : घेतलेस. आणि मग फाटक.

धाकटा : एक संध्याकाळ गं ती.

ताई : हे मला नको, तुझ्या कामातल्या जोडीदाराला सांग. किरणोत्सारी साठ्याची खोली एकट्याला उघडता येत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसं. कशासाठी? एकाचं बिनसलं तर दुसऱ्यानं थांबवावं म्हणून.

धाकटा : तो मित्र आहे माझा. काही बोलणार नाही.

ताई : तीच तर भीती आहे.

धाकटा : तू खरं बोललीस तर मी संपलो. पिण्याचं एक वेळ माफ करतील, लपवल्याचं नाही.

ताई : माहितीये. लपवण्यात मीही आहेच.

धाकटा : आजवर तूच निस्तरत आलीस ना सगळं?

ताई : हो. शाळेतल्या काचा तू फोडल्यास, बोलणी मी खाल्ली. कॉलेजात तू दांड्या मारल्यास, तुझा ताप मी सांगितला. दमले रे.

(दारावरची घंटा वाजते.)

धाकटा : आलेच ते. ताई, महिनाभर विचारतोय तुला. काय सांगणार आहेस?

ताई : गाडी तू चालवत होतास, हे सांगणार आहे. माझ्याआधी तुला सांगायचं असेल, तर दार तू उघड.